खोगीर, उजवं

तो दुकानात आला, टोपी पोटावर धरून उभा राहिला.
खोगिराला टाके घालायचेत, म्हणाला.
खोगीर आणलंच नव्हतं.

मी दार लोटलं, पडदा ओढला,
पाठ करून सुईत दोरा ओवत बसले,
तोवर झेफेरीनूनं सांगून टाकलं:
उजव्या जांघेत. लिंबाएवढं.
आडवं पडलं की आत जातं,
कुऱ्हाड उचलली की बाहेर.
लिस्बनच्या डॉक्टरनं तारीख दिलीय फेब्रुवारीतली,
आणि बुचाच्या झाडांची साल निघते मे ते ऑगस्ट.
झाडं थांबत नाहीत. पोरंही जेवायची थांबत नाहीत.

पिशवीतून त्यानं शहरातला पट्टा काढला.
पोलादी कमान, गंजलेली,
घामानं पापडासारखं झालेलं कातडं.
त्याखाली त्याच्या अंगाचं काय झालं होतं ते मी पाहिलं.
बाबा म्हणायचे, वाईट खोगीर घोड्याच्या पाठीवर वाचता येतं,
घोडा काही सांगत नसतो.

मग मापं. कमरेचं कुणीही घेईल.
मी उभ्याचं घेतलं, बसल्याचं, वाकल्याचं,
शिडीच्या तिसऱ्या पायरीवरचं,
आणि खोकल्याचं.
'खोक,' म्हटलं. तो चर्चमध्ये खोकावं तसा खोकला.
'असा नाही. बापासारखा खोक.'

पहिला पट्टा वर चढायचा.
दुसरा चांगला होता, फक्त तो घालून बसता येत नव्हतं.
तिसऱ्याची मांडीखालची वादी काचायची;
लोकरीत गुंडाळली, तर जून महिना, दिवसभर खाज.
चौथा मी रागानं उसवला, बकला तेवढ्या ठेवल्या.

गादीशी सगळं येऊन अडायचं.
लाकूड दुखतं. कापूस दबून पोळी होतो.
रबर घामात चिकटतं, आणि वास.
फुगीर केली तर भोकात शिरते, भोक रुंद करते;
लहान केली तर कडेनं निसटतं.
दार अडवायचं, पण दारात घुसायचं नाही,
दाराहून थोडं मोठं होऊन
नुसतं टेकून उभं राहायचं.
हे कळायला मला सात आठवडे लागले,
आणि दोन मेणबत्त्या संत लुझियाला.

एका संध्याकाळी तो सालीचं एक फळकूट घेऊन आला, काखेत लपवून,
मुकादमानं पाहिलं असतं तर रोज कापला असता.
ज्या झाडाचं, त्याच्या खोडावर पांढरा तीन रंगवलेला:
त्रेपन्नला सोललेलं. नऊ वर्षं भरली, आता दोन रंगवतील.
साल मी उकळली, दगडाखाली दाबली,
काचेच्या तुकड्यानं तासली.
'दाब किती ठेवू?' विचारलं.

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
कुऱ्हाड किती आत घालायची ते आवाजावरून कळतं.
साल सुटली पाहिजे, आतल्या ओल्याला धार लागता कामा नये.
केसभर जास्त गेली, की झाड ते नऊ वर्षं विसरत नाही.
'तेवढाच,' म्हणाला.

तेवढाच ठेवला.
वादी हरणाच्या कातड्याची, दोन भोकं जास्तीची,
कारण दुपारी माणूस सकाळपेक्षा जाड असतो.
तो शिडी चढला. उतरला. बापासारखा खोकला.
मग स्वतःच्याच खोकल्यावर हसला,
आणि हसताना हात जांघेकडे गेला नाही.
हसण्याचं माप घ्यायचं मला सुचलं नव्हतं.

जाताना बजावलं: कडक झालं, दुखायला लागलं, आत जाईना,
तर पट्टा फेक आणि मोटार कर,
फेब्रुवारीची वाट बघू नकोस.
पट्टा राखण करतो, बरं करत नाही.

ऑगस्टपर्यंत आणखी पाच जण आले, टोप्या पोटावर धरून.
खोगिराला टाके.
त्यातल्या दोघांकडे गाढवही नाही.
मी वहीत तसंच लिहिते:
खोगीर, उजवं.
खोगीर, डावं.
खोगीर, दोन्ही बाजू, पैसे दिवाळखोर पाद्रीबाबांकडून यायचेत.