परतीचं फूल

टपाल कचेरीच्या वरच्या खोलीत
पहिल्या गुरुवारी आम्ही जमतो.
पूर्वी अकराजण होतो, आता सहा.
सतरा अक्षरं आणि त्यात चालू ऋतूचा एक शब्द,
एवढंच ओकुमुराबाईंचं मागणं.

मार्चमध्ये तोकुजीने वाचलं:

    कॅमेलियाचं
    अख्खं फूल पडलं
    बादलीमध्ये

त्या दिवशी सगळ्यांनी त्याच्याच कवितेला मत दिलं.
घरी येताना तो माशासारखा चमकत होता.

जूनमध्ये खिडकीबाहेर हायड्रेंजियाचे निळे गड्डे भिजत होते,
बंदरातल्या होड्यांना बुरशी चढत होती,
आणि याच्या कागदावर

    शेवंतीपाशी
    काकडते मधाची
    एकच माशी

कुणीतरी खोकलं.
मी टेबलाखालून पेन्सिल सरकवली:
शेवंती ऑक्टोबरची, अहो.
त्याने खोडलं. नीट, पट्टी लावून खोडलं.
एकतीस वर्षं साकाता ते त्सुरुओका बस चालवलेला माणूस;
एक मिनिट उशीर झाला
तर प्रवाशांपुढे वाकून माफी मागायचा.

ऑगस्टमध्ये मी एकटीच गेले.

    कमळ खुले
    हाक मारावी कुणा
    घरात दोघं

ही वाचली नाही. पर्समध्ये आहे अजून, औषधाच्या चिठ्ठीमागे.

मग बांधाबांधावर लाल लिली आल्या, गेल्या.
पर्सिमनची फळं दोरीला लटकली.
नोव्हेंबरात तो स्वतःहून कोट घालून दारात उभा.

    चेरी फुलली
    थांबवा ना हो बस
    उतरतो मी

खोलीत स्टोव्हवरची किटली तेवढी बोलत होती.
माझी पेन्सिल हातातच राहिली.
ओकुमुराबाईंनी ऋतुशब्दांचा जाडा कोश ओढला,
अंगठा ओला करून हिवाळ्याची पानं उलटली.
"थंडीच्या तोंडावर दोन दिवस ऊन पडतं," त्या म्हणाल्या,
"एखादी फांदी फसते, फुलते.
त्याला शब्द आहे आपल्याकडे. परतीचं फूल."
आणि त्यांनी कागदावर लाल गोल काढला.

ही दया होती की नियम, मला कळलं नाही.
विचारलंही नाही.

येताना मी एकेक चेरी बघत आले,
शाळेमागची, दवाखान्याची, कालव्याकाठच्या बाराही.
काटक्या नुसत्या.
"मान अवघडेल तुझी," तोकुजी म्हणाला.

डेपोच्या कुंपणापाशी त्याने टोपी काढली.
आत दिवे मालवत होते.
"शेवटची गेली का?"

मी घड्याळ पाहिल्यासारखं केलं.
"नाही," म्हटलं. "अजून एक आहे."