खटका

उद्यमनगरात पत्र्याच्या शेडखाली
माझी एक लेथ, एक व्हाइस, एक भिंग.
आडनाव शिकलगार.
पणज्यानं तलवारींना पाणी दिलं, आज्यानं विळ्यांना धार,
बापानं गुऱ्हाळाच्या चरकाचे दात घासण्यात जन्म काढला.
माझ्याकडं पंपाचे शाफ्ट येतात,
आणि कधीमधी, सही-शिक्क्याचा कागद घेऊन,
रेंजवरचे लवटे सर
एखादं हट्टी पिस्तूल आणतात.

या वेळी सोबत पोरगी होती. मृणाल सातपुते, सुभाषनगरची.
पॉइंट टू-टू, अर्धस्वयंचलित, क्लबचं,
हिच्या आधी दोघांच्या हातून उतरलेलं.
तिनं टार्गेटचे कागद बाकावर पसरले.
पंचवीस मीटर. काळ्याच्या खाली, डावीकडं,
घड्याळात सात वाजतात तिथं भोकंच भोकं.
काही चिकटून, काही पार उधळलेली.
सर म्हणाले, पोरगी दचकते.
पोरगी माझ्या लेथकडं बघत राहिली.

मागची साइट हलवली. घट्ट.
मुठीचा स्क्रू, तोही घट्ट.
नळीत उजेड धरला, आटे स्वच्छ,
नव्या घागरीसारखे.
सर म्हणाले, बघा, मी सांगत नव्हतो?
मी चापाला किलोचं वजन टांगलं.
पहिल्यांदा सुटला. दुसऱ्यांदा नाही.
तिसऱ्यांदा लोंबकळत राहिला
आणि आपण चहाचा कप उचलावा तेव्हाच
टक्.

मी विचारलं, सकाळी बिघडतं का दुपारी?
ती पहिल्यांदा बोलली:
सकाळी. थंडीत लै जड येतो, काका.
मग मी ओढत राहते, ओढत राहते...

सरांना फोन आला, ते बाहेर गेले.
मी पिना काढल्या.
खटक्याची कड भिंगाखाली घेतली:
केसाएवढ्या जागेत मधाच्या रंगाचा थर,
गोळ्यांचं मेण, दारूची काजळी,
आणि नखानं खरवडल्यावर एक वास
जो कुठल्याही गन-ऑइलला नसतो.
करडई.

तिनं खिशातून होमिओपॅथीची बाटली काढली.
पप्पांनी दिली. म्हणाले, करकरत असलं
की एक थेंब सोड. कातडं कसं मऊ पडतंय बघ.
दर रविवारी सोडते.

चपलेला ते तेल अमृत आहे.
लोखंडावर वाळतं, व्हार्निश होतं,
आणि बारीक कडेला धरून बसतं
रुसलेल्या पाहुण्यासारखं.
एवढं मी तिला सांगितलं.
पेट्रोलमध्ये बुडवलं, दाताच्या ब्रशनं घासलं,
सुईच्या टोकानं योग्य ते तेल,
तेही दिसेल न दिसेल इतकं.
कानस लावली नाही. कड शाबूत होती.
पाच वेळा वजन टांगलं, पाच वेळा
एकाच जागी, एकाच आवाजात सुटलं.

सर आत आले. काय निघालं?
मी म्हणालो, स्प्रिंग थकली होती.
पोरीनं बाटली मुठीत झाकली.

पुढच्या आठवड्यात कागद आला.
आठ भोकं काळ्यात.
दोन अजून सातलाच.
सर थोडे बरोबर होते म्हणायचे.

मग एका दुपारी सातपुते स्वतः आले,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला जोड घेऊन.
नऊ नंबर, पट्ट्याला लाल गोंडा.
माप कुठून मिळालं विचारलं तर हसले.
म्हणाले, पोरगी सांगत होती,
आपलं तेल चांगलं लागू पडलं.

मी पाय घातला.
उजवी जरा आवळतीय, म्हणालो.

होईल की सैल, ते म्हणाले, आणि खिशातून
तसलीच एक बाटली काढून
माझ्या भिंगाशेजारी ठेवली.