मोरपिशी, जवळजवळ

सियागंजात मुर्तजाभाईच्या दुकानात
मेणबत्तीचे रंग पुडीनं मिळतात,
पुडी बारा रुपये.
खायचा रंग चालत नाही, हे दादा हात भाजल्यावर शिकले:
गरम प्लास्टिकमध्ये थेंब पडला
आणि मोहरीसारखा तडतडला.
रांगोळी तळाशी बसते. दगडच तो.
तेलखडूचे तुकडे बऱ्यापैकी विरघळतात,
आणि माझी एक लिपस्टिक, न विचारता घेतलेली,
सगळ्यांत छान.

गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून,
तुटकी रबरी गांडुळं, शेपटी गेलेले मासोळे
ते आईच्या दुधाच्या भांड्यात वितळवतात.
(आई असती तर भांडं मिळालं नसतं.)
काडीनं ढवळतात, काडी उचलून
पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर एक थेंब टेकवतात,
निवू देतात.
तीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात
असाच थेंब चिंधीवर टेकवून
ठाण पास की नापास ते सांगायचे.

गिरणी बंद झाली
तेव्हा घरी फक्त वही आणली.
पुढून: मोरपिशी, निळा दोन, पिवळा चिमूटभर, उकळू नये.
मागून, उलटी धरून:
मरळ, ढगाळ सकाळ. पाठ काळी, पोट शेंदरी.

यंदा रंगपंचमीनंतर
त्यांना निळा आणि तपकिरी वेगळे दिसेनात.
मोतीबिंदू. तारीख दिवाळीनंतरची.
तोवर पुड्यांवरची नावं मी वाचते.
परवा त्यांनी भांडं माझ्यापुढं तिरकं केलं:
"मोरपिशी झाला ना?"
"झाला."
तो खान नदीचा रंग होता,
पुलाखालचा, मे महिन्यातला.

चोरलच्या धरणावर अजून उजाडायचं होतं.
दादांनी नेमका तोच गळाला लावला.
मी थर्मासचं झाकण उघडत-लावत बसले.
दोन तास पाणी
आमच्याकडे बघायलाही तयार नाही.
मग शेळ्या घेऊन आलेला केवल वाकला,
दोरीच्या टोकाकडे बघून म्हणाला,
"दादाजी, कीचड़ लगा रखा है क्या?"

दादा रीळ गुंडाळत राहिले.
"माहीत आहे मला," मराठीत, म्हणजे मलाच.
"मोरपिशी असा वास मारत नाही.
आणि तू 'झाला' जरा घाईत म्हणालीस.
रंगखात्यात अशी पोरं
मी दारातूनच ओळखायचो."

मी काही बोलणार
तोच दोरी एकदा ताणली गेली, हिसका,
आणि सैल.
ओढून बघितलं तर शेपटी नाही,
उरलेल्या अंगावर दातांची बारीक रांग.
त्यांनी बोटानं ती रांग चाचपली,
दोनदा,
जशी ठाणाची किनार चाचपायचे.

"लिही," म्हणाले. "मागच्या पानावर. गढूळ, नंबर एक.
प्रमाण सांग."

प्रमाण मला कुठं आठवतंय.
लिपस्टिक अर्धी, एवढंच लिहिलं.