दहा ग्रॅम

आरागिरणीच्या फाटकावर एकवीस वर्षं
झेनोव्हियाने ओंडके तोलले.
आधी ट्रकसकट, मग ट्रक वजा.
ओल्या लाकडाची तूट धरायची शेकडा बारा,
मालकाची तूट वेगळी, ती कागदावर नसे.

गिरणी बंद पडली.
आता तीच बाई विद्यापीठातल्या इलिंकासाठी
पानं तोलते. ओकची, मेपलची,
गळून आठवडाही न झालेली, सुकवलेली.
दहा ग्रॅम. बरोबर दहा.
नायलॉनच्या जाळीची पिशवी, तिला पत्र्याचा बिल्ला,
आणि काटा इतका हळवा
की उसासा टाकला तरी आकडा हलतो.
पहिल्या दिवशी ती हसली होती:
एवढ्यात तर चहाही होत नाही!

ऑक्टोबरात उतारावर चाळीस पिशव्या अंथरल्या,
खुंट्यांना बांधून. मग बर्फ आलं,
कार्पेथियनच्या त्या गावानं दारं लावून घेतली.
खाली मात्र कुणीतरी जागं होतं.

मे महिन्यात पहिली पिशवी: सात पूर्णांक एक.
पुढच्या पानगळीला: साडेचार.
मेपलच्या पानाचं नुसतं शिरांचं जाळं,
पलीकडे बोट दिसावं असं.

बाकीचं कुठं गेलं?
झेनोव्हियाचा आवाज अजून फाटकावरचाच.
संशयित म्हणावं तर
एक वाणी, वेटोळं करून गप्प पडलेला,
तांदळाएवढ्या दोन गोगलगायी,
आणि बुरशीचे पांढरे दोरे,
शिवण उसवावी तसं पान उसवत बसलेले.
इलिंका काही बोलत नाही.
पिशवीखालची माती उचलते, तिच्या तळव्यावर ठेवते.
काळी. भुसभुशीत. पावसात राहिलेल्या भाकरीसारखी मऊ.
तळव्यावर तिला वजन कळतं,
काट्याशिवाय, अजूनही.

गिरणीमागचा उतार तिला आठवतो,
ओंडके गेले तिथला, पिवळा, धुपून गेलेला.
तिथली तूट फाटकातून बाहेर गेली.
पावत्या तिनेच फाडल्या होत्या.

चौतीस नंबरची पिशवी जड भरली.
दहाच्या वर! काटा दोनदा पुसला, तेच.
मग दिसलं: जाळीतून एक मूळ आत शिरलेलं,
केसाहून जरासं जाड, टोकाला पांढरं,
कुजत्या पानांत तोंड खुपसून.
नियम असा: जे पान नाही ते छाटायचं, ब्रशने झटकायचं.
तिने कात्री उचलली.
पान कुठे संपलं आणि माती कुठे सुरू झाली
ते काही सापडेना.

संध्याकाळी इलिंकाने वही उघडली.
चौतीससमोर आकड्याची जागा कोरी,
शेऱ्यात वेलांट्या चुकवत लिहिलेलं:
गिऱ्हाईक आत आहे.
पिशवी होती तिथे परत ठेवली.