वाळूचं गाव

गिरणेची वाळू, दोन पोती.
नगरपालिकेच्या शाळेत, चौथी ब ची बाकं भिंतीला लावून
जमिनीवर मी चाळीसगाव मांडलं.
तितूर नदीला निळीची पूड,
धुळ्याकडं जाणाऱ्या रुळांना काळी लोकर,
घरं म्हणजे काडेपेट्या.
पाण्याच्या टाकीच्या जागी गंजका खिळा रोवला
आणि रोवताना हात उगाच हळू झाला.
टाकीखाली आतेभाऊ पंक्चर काढतो.

मेजर कुट्टप्पा म्हणाले, महाले, तीन दिवस तू शत्रू.
ह्या शत्रूला गणवेश नाही, आघाडी नाही, तारीख नाही.
तोफ घेऊन येणार नाही तो, जेवणाचा डबा घेऊन येईल.
सांग, कुठून येशील?

सव्वीस वर्षांच्या नोकरीत
पठाणकोटला, तेजपूरला, कुपवाड्याला
मला कोणी विचारलं नव्हतं
भिकन, तू गावी कुठून येशील.

छडी घेतली.
मालधक्क्याची भिंत खचलीय, इथून.
शाळेला उशीर झाला की आम्ही इथूनच पळायचो.
शनिवारी, बाजाराच्या गर्दीत, वांग्यांच्या टेम्पोत बसून,
कारण डिसेंबरात भरताची वांगी कोणी उपसत नाही,
देठ मोडले तर बाई शिव्या देते.
इथल्या चौकीतला शिपाई नऊच्या बातम्यांना आत जातो.
हा दिवा गेली दोन वर्षं बंद आहे.
आणि ही, स्टेशनाबाहेरची फुटाण्यांची भट्टी,
उघडी आग, भोवती सतत माणसं.
टाचण्या लाल होत्या. संपल्या तेव्हा
मेजरांनी खडूचे तुकडे दिले.
चुगली करून झाल्यावर पोरगं जसं उभं राहतं
तसा मी उभा.

पहिल्या रात्री पंपहाऊसच्या दारावर खडूची फुली मारून आलो.
दुसऱ्या रात्री दोन फलाटांवर, एका पुलावर,
आणि गंमत म्हणून मेजरांच्या जीपवर.
सकाळी फळ्यावर आकडे लिहिले गेले.
किती मेले ते.
मी घोंगडी पांघरून शेवटच्या बाकावर बसलो,
त्या बाकावर कोणीतरी कर्कटकानं विमान कोरलं होतं.

तिसऱ्या रात्री, पहाटेचे चार.
दाढी वाढलेली, डोक्याला मफलर, खांद्यावर पोतं.
गस्तीनं सोडलं. कॅमेऱ्यासमोरून लंगडत गेलो.
शेवंताबाई भोई भट्टीतली वाळू हलवत होती,
पाठमोरी.

कोन शे रे?
मी गप्प.
भिकन शे ना? कवय उना?
तोंड लपाडी लिधं, पन चाल ते तुना बापनी शे.

मागून शिट्टी वाजली. पकडलो गेलो.
हातात तिनं कोंबलेले गरम फुटाणे होते,
ते पंचनाम्यात आले नाहीत.

शत्रू कोणी ओळखला, ह्या रकान्यात चार पर्याय:
पोलीस, गस्त, उपकरण, खबऱ्या.
मेजरांनी पेनचं टोपण दोनदा लावलं, काढलं.
मग लिहिलं, इतर.
ते विचारत होते, महाले, ह्या इतरला
आराखड्यात बसवायचं कसं?
चाळीसगावला बदलून येणाऱ्या शिपायाला
कोणाच्या बापाची चाल कशी शिकवायची?
मला उत्तर आलं नाही. मी म्हणालो, साहेब, चहा सांगू का.

मार्चमध्ये शिफारशी लागू झाल्या.
भिंत बुजली, पोरं आता लांबून जातात.
नवा दिवा, नवे सात कॅमेरे.
परिशिष्ट दोन, टाचणी क्रमांक चौदा:
स्टेशनाबाहेरची उघडी आग हटवण्यात यावी.
टाचणी माझीच होती.
आतेभाऊ फोनवर म्हणाला, शेवंताबाई लेकीकडं गेली, पारोळ्याला,
आणि आता तिथं खांब आहे, छान उजेड पडतो.

वाळूचं विचारलं मी.
ती शाळेनं लांब उडीच्या खड्ड्यात टाकली, म्हणाला,
पोरांच्या टाचा निळ्या होतात, मास्तरला कळत नाही कशानं.