काजूएवढं हाड

भर चैत्रात पडले मी,
कारखान्याच्या कोरड्या खडखडीत पायरीवर,
विड्यांची पाटी कडेवर.
पाटी सांभाळली, हात टेकला.
विडी एकही मोडली नाही.

पहिल्या फोटोत काही दिसलं नाही.
मुरगळलंय म्हणाले, पट्टी दिली.
राजमणीनं एरंडेल कोमट करून चोळलं,
साखर पेठेतल्या हाडवैद्यानं कामट्या बांधल्या,
सासू म्हणाली, नोप्पी हाडात नसते, कामचुकार मनात असते.
मी तेलुगूतच गप्प बसले
आणि दुसऱ्या दिवशी सूप मांडीवर घेतलं.

अकरा महिने.
पाला गुंडाळताना अंगठा दाबला की
मनगटातून कुणी सुईनं दोरा ओढतंय.
हजाराच्या सहाशे झाल्या,
सहाशेतल्या साठ छाटात.
चेकर म्हणाला, यादम्मा,
तोंडं सुटतायत तुझ्या विड्यांची.

सिव्हिलमधले हत्तुरे डॉक्टर.
त्यांनी फोटो बाजूला ठेवला,
अंगठा ताणायला लावला
आणि त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो
(सासरा तिथंच तपकीर ठेवून ओढायचा)
तिथं एक बोट टेकवलं.
मी ओरडले. कुठल्या भाषेत, आठवत नाही.

इथं एक हाड आहे, म्हणाले, नावेच्या आकाराचं,
काजूएवढं. मधोमध मोडलंय, जुळलंच नाही.
याला रक्त उलटं येतं, बोटांकडून मागं.
मध्ये तडा गेला की मागचा तुकडा उपाशी.
म्हणजे आमच्या नळासारखं, मी म्हणाले.
चौथ्या दिवशी पाणी सुटतं,
सगळ्या पेठा फिरून शेवटी आमच्या गल्लीत.
वाटेत पाईप फुटला की आमच्या घागरी कोरड्या.
ते हसले नाहीत. म्हणाले, अगदी तसंच.
असंच ठेवलं तर शेजारची हाडंही झिजतील.

मग विचारलं, तंबाखू?
ओढत नाही. खात नाही.
मग बोटं अशी?
वळते.
आणि दात?
मी तोंड मिटलं.

मिश्री. सकाळी एकदा, दुपारी एकदा,
सूप खाली ठेवल्यावर एकदा.
ती रक्ताच्या वाटा आवळते, म्हणाले,
हाडाला हाड धरू देत नाही.
तंबाखूवर माझ्या दोन पोरींची लग्नं झाली.
तिच्याबद्दल माझ्या तोंडावर
असं कुणी बोललं नव्हतं.

कमरेच्या हाडातून चिमूटभर काढून
मनगटात भरलं. मिश्रीची असते तेवढीच चिमूट.
वर एक स्क्रू, बिनडोक्याचा.
शब्द डॉक्टरांचा, हसली नर्स.
कमरच जास्त दुखली, खरं सांगायचं तर.

बारा आठवडे प्लास्टर.
लूम बंद पडल्यापासून घरात बसलेला बाळय्या
पहिल्यांदा सूप घेऊन बसला.
दिवसाला चाळीस. जाड, कंबर नसलेल्या.
पाला कापताना पत्र्याला शिव्या द्यायचा.
मी डाव्या हातानं दोरा धरून द्यायचे.
एवढा वेळ आम्ही समोरासमोर
तीस वर्षांत बसलो नव्हतो.

मिश्री सोडली असं मी म्हणत नाही.
पहिल्या सोळा दिवसांत तीनदा डबी उघडली,
वास घेतला, झाकली.
एकदा नाही झाकली.
ते डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

नवा फोटो उजेडाला धरून ते बराच वेळ थांबले.
जुळतंय, म्हणाले. पुढचं जुळतंय.
मागच्या टोकाचं आत्ता सांगता येत नाही.
तीन महिन्यांनी या.
बरं, म्हणाले. खरंच जुळलं नाही तर काय,
हे विचारायचं राहून गेलं.
बसमध्ये आठवलं.

काल अकरा वळल्या.
कात्री जड, पाला परका.
खळग्यात बोट ठेवून पाहिलं.
दुखतं, पण आता कुणीतरी आत असल्यासारखं दुखतं.

बाळय्याच्या गड्डीत माझ्या अकरा मिसळून दिल्या.
चेकरनं नुसत्या बोटांनी त्या वेगळ्या काढल्या.
ह्या कुणाच्या?
माझ्या, म्हणाले.
त्यानं एकेक उजेडात फिरवून बघितली.
चारच छाटल्या.