रिकाम्या जागेचं भाडं

आंब्याचा सीझन संपला की शेड मोकळी,
म्हणून ऐनापुरे मास्तरांची चाकांवरची खोली
जून ते सप्टेंबर ठेवून घेतली.
महिना आठशे. पेंढ्याचा वास फुकट.

चाकांना चार चिऱ्यांचं अडण,
वर निळी ताडपत्री, दांड्याला कुलूप.
आत दोन बाकडी, एक शेगडी,
खिडक्यांना माप घेऊन शिवलेले पडदे.
जादा किल्ली माझ्याकडे, देवाच्या फळीवर.

श्रावणातली रात्र, लाईट गेलेली.
कुत्रं भुंकलं असेल तर मला ऐकू आलं नाही.
सकाळी चिरे तेवढे जागेवर,
आणि ताडपत्री घडी घालून ठेवलेली.
चोर माझ्यापेक्षा व्यवस्थित.

देवगडात तिर्लोटकर हवालदारांनी पेन झटकलं:
"घरफोडी लिवू, का गाडीचोरी?"
म्हटलं, फोडूक नाय ओ, उचलून न्हेल्यानी.
"मगे मालकाक घेवन ये."

मालकाला अजून सांगितलेलं नाही.
एक तारखेला फोन वाजतो, आठशे जमा.
मागोमाग गडहिंग्लजहून मास्तर:
"पराडकर, आत ओल नाही ना शिरली?"
नाही, मी म्हणतो.
आणि ते खोटं नाही.
पत्रा तीन जागी गळतो,
न गळणाऱ्या जागीच ती उभी केली होती.
तेवढा लांबट तुकडा अजून कोरडा ठणठणीत,
कोंबडी तिथेच पंख पसरून बसते.

काल तिला हुसकून झाडू मारला.
चिरे जरा वाकडे दिसत होते,
सरळ केले.